थोरल्यांची चाल

प्रिय फेलिक्ला,

तू आणि जावईबापू खुशाल असाल, दोरखंडांचं काम बरं चाललं असेल. ऑस्तियाच्या बंदरात हिवाळ्यात जहाजं फारशी लागत नाहीत, तेव्हा तुझ्या हाताला सध्या उसंत असेल असं मी धरून चालते. मिठाच्या गाड्या रोममध्ये माल उतरवून रिकाम्या परत जातात, त्यातल्याच एका गाडीवाल्याजवळ हे पत्र देतेय. माणूस तोंडाचा फाटका आहे पण हाताचा चोख आहे. त्याला खायला घाल आणि परत निघू देऊ नकोस, का ते शेवटी सांगते. आधी हे सांगते की मला तुझ्या बाबांची काळजी वाटते. ताप नाही, खोकला नाही, जेवतातही पोटभर. उलट इतक्या ताठ मानेनं ते आमच्या लग्नातही उभे राहिले नव्हते. तीच तर काळजी आहे.

तुझ्या सासूबाईंनी लग्नाच्या जेवणात विचारलं होतं ते आठवतं? "म्हणजे व्याही नक्की करतात तरी काय?" मी सांगितलं की मोठ्या घरात कुणी गेलं की हे त्याचा मेणाचा मुखवटा लावतात, त्याचेच कपडे घालतात आणि तिरडीच्या पुढे त्याच्यासारखे चालतात, बोलतात, त्याच्या खोडी दाखवतात, रडणाऱ्यांना वाटावं की माणूस शेवटचा एकदा भेटून गेला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि लोक जिवंत असतात तेव्हा?" आपण दोघी शालीआड तोंड लपवून हसत होतो. बाबा मात्र अगदी गंभीरपणे म्हणाले, "तेव्हा नुसता बघतो." ते खरंच होतं. या धंद्यात जिवंत माणसाची चाल त्याच्यासमोर कुणी चालून दाखवत नाही. दाखवली तर त्याचे दिवस भरले, असं सगळेच मानतात, पण बाबांइतकं मनावर घेणारा मी दुसरा पाहिला नाही. सरावाच्या वेळी दाराला कडी आणि खिडकीला घोंगडी. अंगणातला तो एक प्रसंग सोडला तर त्यांनी तुझ्यावर कधी हात उगारला नाही, आणि तोही या भीतीपोटीच.

थोरल्या सम्राटांना त्यांनी असंच वर्षानुवर्षं नुसतं बघितलं. एका बड्या सरदाराच्या अंत्ययात्रेत बाबा त्या सरदारासारखे शिंकले, आणि थोरले रडता रडता हसले. "माझ्या वेळेला हाच," असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. घरी येऊन बाबा तापानं फणफणले, तुला आठवत असेल. मग रात्रीच्या जेवणाला राजवाड्यात कोपऱ्यातलं एक स्टूल त्यांचं ठरून गेलं. कुणाशी बोलायचं नाही, खायचं नाही, फक्त बघायचं. एकदा थोरले म्हणाले, "हिलारस, दाखव बघू मी कसा उठतो ते." बाबा लटपटत पाया पडले आणि दाखवलं नाही. थोरले म्हणाले, "बरं बाबा, माझ्या मरणाची वाट बघतो मग."

आता ते गेलेत, तर त्यांच्याबद्दल सरळ लिहायला हरकत नाही. टायबरकाठच्या वीटभट्टीवाल्याचा हा मुलगा. लहानपणी विटा वाहून वाहून डावा खांदा कायमचा वर राहिला. डॅन्यूबकाठी मांडीत भाला शिरला, तेव्हापासून उजवा पाय किंचित फेकत चालायचे. राजधानीत एकामागून एक सम्राट मारले जात होते तेव्हा सैनिकांनी यांना पुढे केलं, कारण यांच्या छावणीत भाकरी वेळेवर मिळायची. गादीवर बसले तरी भट्टीवरची सवय सुटली नाही. समोर खांब येवो, टेबल येवो की एखाद्या सेनेटरचं डोकं, बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. नीट भाजलेली वीट खणखणीत वाजते, कच्ची बद्द वाजते. आपली सुबुरा वस्ती आगीत जळाली तेव्हा नव्या इमारतींच्या भिंती ते असे ठोकत फिरले होते. मी आत्ता जिला पाठ टेकून लिहितेय ती भिंतसुद्धा त्यांनी ठोकलेली आहे. म्हणून ते देवमाणूस होते असं नाही हं. व्होकोनियस नावाचा बालपणीचा मित्र त्यांनी कुणाच्या तरी चुगलीवरून मारला, आणि चुगली खोटी निघाली. त्यानंतर रोजच्या पंगतीत त्याची जागा रिकामी ठेवून तिथे ताट वाढायला लावायचे. बाबा सांगायचे की थोरले त्या ताटाकडे एकदाही बघत नसत, पण वाढायला उशीर झाला तर वाढप्यावर खेकसत.

आणि धाकटे. थोरल्यांचा मोठा मुलगा मोहिमेवर तापानं गेल्यावर हा एकच उरला होता. भल्याभल्या पाहुण्यांसमोर थोरले त्याला जवळ बोलवायचे, कपाळावर पेर ठोकायचे, कान लावायचे आणि मान हलवायचे. बद्द! सगळी पंगत हसायची. धाकटेही हसायचे. "वेनू, त्या पोराचं हसणं बघवत नाही गं," असं बाबा घरी येऊन म्हणायचे आणि जेवायचे नाहीत. आता तेच धाकटे गादीवर आहेत.

अंत्ययात्रेला तू येऊ शकली नाहीस, म्हणून सांगते. मी खांद्यासाठी लोकरीची उशी शिवली होती, ती झग्याच्या आत डाव्या बाजूला बसवली. मुखवट्याच्या पट्ट्या बांधताना बाबांचे दात वाजत होते. नेहमीचंच, प्रत्येक वेळी ते म्हणतात की आज माझ्याच्यानं होणार नाही. मग तुताऱ्या वाजल्या, त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, पाय फेकला, आणि फेलिक्ला, माझ्या अंगावर काटा आला. गर्दीतला एक म्हातारा शिपाई ओरडला, "साहेब, कुठं निघालात आम्हाला टाकून?" त्यावर हे त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भट्टीत. लाकडं कोरडी लावलीत ना रे? कच्चा ठेवू नका मला!" सगळा चौक हसला आणि हसता हसता रडायला लागला. बायका अर्ज घेऊन पुढे घुसल्या, तिरडीवर कोण आहे हेच विसरून. व्होकोनियसच्या घरापाशी बाबा थांबले. दाराकडे बघितलं नाही, नुसते पाठ करून उभे राहिले, आणि एवढी गर्दी चिडीचूप झाली. इथवर सगळं कौतुकाचं होतं. पण व्यासपीठापाशी पोचल्यावर ते धाकट्यांच्या समोर गेले, पेर उचललं, नव्या सम्राटाच्या कपाळावर ठोकलं, कान दिला, मान हलवली आणि पुढे चालू लागले.

मेलेला माणूस जे करायचा ते दाखवायचं, हा धंद्याचा रिवाज आहे आणि मुखवट्याआडच्या माणसाला कुणी शिक्षा करत नाही हे मला ठाऊक आहे. तरी मी खांबाला धरून उभी होते. धाकटे पांढरेफटक पडले. मग हसले, तेच जुनं हसणं. मग सगळ्यांदेखत लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. लोकांना वाटलं की बापासाठी रडतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजवाड्यातून पालखी आली. वाड्याचा कारभार सिम्फोरस बघतो. लठ्ठ आहे, गुलामीतून सुटलेला आपल्यासारखाच, मनाचा वाईट नाही. आत काय चालतं ते मला त्याच्याकडूनच कळतं, कारण बाबा सांगत नाहीत. पितरांचे मुखवटे ठेवतात त्या कपाटातून थोरल्यांचा मुखवटा काढतात, बाबांना चढवतात, थोरल्यांच्या आसनावर बसवतात आणि सगळ्यांना बाहेर घालवतात. मग धाकटे जमिनीवर बसून विचारतात. आज मी अमुक निकाल दिला, बरोबर होता का? अमुक सेनापतीवर विश्वास ठेवू का? आणि मुखवट्याआडून उत्तर येतं. गोड एकही नाही. "निकाल घाईत दिलास." "सेनापतीला विचारलंस का त्याची माणसं काय खातात?" सिम्फोरस म्हणतो की उत्तरं शहाणी असतात, हीच पंचाईत आहे. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. राजवाड्यातून भाजलेलं डुक्कर यायचं, खजूर यायचे, शेजारणी जिन्यात मला वाट करून द्यायच्या. चार दिवसांचं कौतुक आहे, संपेल, असं मी धरलं होतं.

मग एके दिवशी झगा धुवायला काढला आणि बघते तर लोकरीची उशी माझ्या पेटीतच. बाबा राजवाड्यातून तसेच उठून आले होते, उशी नसताना, आणि डावा खांदा वर होता. मी म्हटलं, "अहो, खांदा खाली करा, सुटला आता मुखवटा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परक्या घरात शिरलेय की काय असं मला वाटलं. त्यानंतर एकेक ध्यानात यायला लागलं. पाव तोडण्याआधी पेरानं ठोकतात. घरमालकाला जिन्यातच धरून गळक्या छपराबद्दल असा झापला की तो मेला दुसऱ्या दिवशी सुतार घेऊन आला. आणि हंस! गल्लीच्या तोंडाशी परटीण अजून ते चावरे हंस पाळते. बाबा आयुष्यभर त्यांच्यापायी लांबचा वळसा घालून घरी आले. परवा मी खिडकीतून बघत होते. बाबा गल्लीच्या मधोमध आले, पाय फेकत, इकडेतिकडे न बघता, आणि हंस बाजूला झाले. परटीण वरती बघून म्हणाली, "काय गं वेनुस्ता, नवरा बदललास की काय?" ती थट्टेनं म्हणाली, मी मात्र खिडकी लावून घेतली.

गेल्या आठवड्यात सिम्फोरस स्वतः आला, धापा टाकत सगळे जिने चढून. शिरक्याचं पाणी प्यायला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, नीट ऐका. सैनिक धाकट्यांना मानत नाहीत. त्यांचा जीव अजून थोरल्यांवर आहे. तेव्हा पितरांच्या दिवसांत छावणीवर सगळ्या फौजेसमोर हिलारसनं मुखवटा घालून यायचं, धाकट्यांच्या कपाळावर पेर ठोकायचं आणि म्हणायचं, 'हा खणखणीत आहे.' बस. तीन शब्द." मी म्हटलं, म्हणतील की, त्यात काय! सिम्फोरसनं डोकं धरलं. "मी त्याला सांगून बसलो. तो म्हणाला, बद्द वाजला तर बद्द म्हणेन. कुणासमोर म्हणाला? धाकट्यांसमोर! धाकटे हसले. वहिनी, ते अजून हसतायत, पण हसायचे थांबले की माझ्या हातात काही राहणार नाही. आणि खरं सांगू, फौजेच्या भीतीपेक्षा त्यांना ते तीन शब्द स्वतःच्या कानांनी ऐकायचेत. ते नाही मिळाले तर काय करतील हे त्यांनाही ठाऊक नाही."

तो गेल्यावर मी बाबांपुढे बसले. रडले, भांडले, तुझी शपथ घातली. म्हटलं, तुम्ही कोण लागून गेलात? सुबुरातला बहुरूपी! तीन शब्दांनी तुमच्या जिभेला काय होणार आहे? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, कच्ची वीट पक्की म्हणून सांगितली तर भिंत कुणाच्या तरी अंगावर पडते." फेलिक्ला, मला 'बाई' म्हणाले. लग्न झाल्या दिवसापासून या माणसानं मला वेनू सोडून दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. आणि ते चुकीचं बोलत नव्हते हे मलाही कळत होतं, म्हणून तर आणखी भीती वाटली. तुझे बाबा असते तर शब्द पुरा व्हायच्या आत कबूल झाले असते. वर धाकट्यांच्या नाकाचीही तारीफ करून आले असते.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. पितरांचे दिवस तोंडावर आलेत. बाजारात पितरांना वाहायच्या ताटल्या आणि फुलांच्या माळा दिसल्या की मी तशीच मागे फिरते. मी वैद्य केला, तो म्हणाला नाडी उत्तम आहे. देवळात कबुतर वाहिलं. त्यांना घेऊन तुझ्याकडे पळून यावं म्हटलं, तर म्हणतात, "मी छावणी सोडून कधी पळालो नाही." मुखवटा राजवाड्यात कुलपात असतो, तो लपवून उपयोग नाही, कारण तो आता लागतच नाही.

आता अंगणातल्या त्या प्रसंगाबद्दल. तुझे पुढचे दात पडले होते, एवढीशी होतीस. शेजारीपाजारी गोळा करून तू बाबांची चाल करून दाखवत होतीस. पाठ भिंतीला घासत, झग्याचा काठ गुडघ्याच्या वर उचलून तिरकी तिरकी पावलं, आणि हंसांना हात जोडून, "ताई, जाऊ द्या हो ताई, घरी लेक आहे!" मग जिन्याखाली पोचल्यावर छाती पुढे काढून असं खाकरायचं की जसं काही झालंच नाही. परटीण हसून लोळली होती. बाबा मागे येऊन उभे राहिलेत हे तुला कळलं नाही. ती थप्पड तू विसरली नाहीस हे मला माहीत आहे. ती मारल्यावर ते संध्याकाळी मधातले अंजीर घेऊन आले आणि तुझ्यापेक्षा जास्त रडले. "वेनू, पोरीनं मला चालून दाखवलं, आता मी काही फार दिवस नाही," असं म्हणत बसले. त्याला किती वर्षं लोटली! सगळ्या रोमला थोरले कसे चालायचे ते पाठ आहे, पण हिलारस कसा चालतो ते कुणी कधी बघितलंच नाही, तुझ्याशिवाय. ती चाल मी करून बघितली गं. गुडघे वळत नाहीत माझे, आणि लाजही वाटते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी दिसत नाही." म्हणून हे पत्र. त्याच गाडीवाल्याबरोबर नीघ. बाबा दुपारी राजवाड्याच्या पालखीची वाट बघत खिडकीत बसतात, तेव्हा पोच. मागच्या दारानं येऊ नकोस. गल्लीच्या तोंडाशी उतर, भिंतीला पाठ लाव, झगा उचल आणि त्यांना दिसेल अशी ये, एकही 'ताई' न गाळता. अपशकुन झाला तर तो माझ्या माथी. थोरल्यांसारखं खरं बोलून मरायला निघालेला माणूस मला नको, आणि राज्याची भिंत कुणाच्या अंगावर पडणार असेल तर तेही पाप मी घेईन. तीन शब्द खोटं बोलून घरी पळत येणारा, भीतीनं पोट बिघडवून घेऊन आठवडाभर मला छळणारा माझा भित्रा नवरा मला परत हवा आहे. अंजीर आणून ठेवलेत. परटिणीला हंस बांधू नकोस म्हणून सांगितलंय.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई
वेनुस्ता